चिऱ्याला हात लावण्यापूर्वी

मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी यांस,



दसरा झाला की आमचे रविवार ठरलेले असतात. पाऊस ओसरलेला असतो, चिऱ्यांवरचं शेवाळ हिरव्याचं तपकिरी व्हायला लागलेलं असतं. रान कमरेएवढं उभं असतं, पण अजून ओलं असतं, म्हणून कोयतीला सहज येतं. सकाळी सातला आम्ही आठ-दहा जण कुठल्या तरी जुन्या दफनभूमीच्या गडग्याशी जमतो. एक निवृत्त गवंडी, दोन शिक्षिका, बँकेत काम करणारी एक मुलगी, कॉलेजातली चार-पाच पोरं आणि मी. आमची संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. रान काढायचं, कलंडलेला दगड सरळ करायचा, वाचता येईल ते वाचायचं आणि ऊन चढलं की घरी जायचं, एवढंच आमचं काम.

हे पत्र पैसे मागण्यासाठी नाही. आमच्या हातून एक चूक झाली. ती भरून येणारी नाही आणि जिल्ह्यात आमच्यासारखे जे जे हौसेनं पुढे येतील त्यांच्या हातून ती पुन्हा होऊ शकते. तेवढी थांबवणं आपल्या हाती आहे, म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे.

रत्नागिरीत कबर म्हटलं की पहिल्यांदा थिबा राजाचं नाव निघतं, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करतो. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा पदच्युत केला. काही महिने मद्रासला ठेवून १८८६च्या एप्रिलमध्ये त्याला राण्यांसह आपल्या गावात आणलं. आज पाहुण्यांना आपण जो थिबा पॅलेस दाखवतो तो बांधून झाला १९१० साली. म्हणजे चोवीस वर्षं राजा भाड्याच्या आणि सरकारी बंगल्यांतून राहिला आणि स्वतःच्या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. धाकटी राणी १९१२ साली गेली. डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला, तेव्हा त्याचं वय ५७ होतं. थोरली राणी सुपयालत हिची मागणी एकच होती. दोघांचे देह मायदेशी न्यायचे. ती मान्य झाली नाही. १९१९ साली ख्रिस्ती दफनभूमीला लागून असलेल्या कुंपणाच्या एका लहानशा तुकड्यात दोघांना सरकारनं माती दिली, आणि त्याच वर्षी राणी मुलींना घेऊन रंगूनला परत गेली. १९२५ साली ती तिथेच वारली. तिची समाधी श्वेडगॉन पॅगोड्याजवळ आहे. नवरा अरबी समुद्राच्या काठी, बायको इरावतीच्या मुलखात. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परतली, इथल्याच एका माणसाबरोबर तिनं संसार केला आणि १९४७ साली याच गावात तिनं देह ठेवला. तिची मुलगी टुटू, गावाची बाईसू, आपल्यासारखीच मराठी बोलत इथल्या गरिबीत जगली आणि २००० साली गेली. जुन्या रत्नागिरीकरांना ती चांगली आठवते.

इतिहासाची एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत होता, त्याच काळात, १९०८ ते १९१४, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि तिथे 'गीतारहस्य' लिहीत होते. त्याच्याही आधी दिल्लीचा बहादूरशहा जफर रंगूनला नेला गेला आणि १८६२ साली तिथेच गेला. इंग्रजांनी त्याला मुद्दाम अशा तऱ्हेनं पुरलं, की जागा कुणाला कळू नये. ती त्यांनी इतकी नीट बुजवली, की विटांनी बांधलेली खरी कबर सापडायला १९९१ साल उजाडलं, आणि तीही कुणी शोधत होतं म्हणून नव्हे. खोदकाम चालू होतं, त्यात ती लागली. राजाची कबरसुद्धा हरवते, जिल्हाधिकारी साहेब. नाव लिहायचं नाही असं कुणी ठरवलं, की त्यासाठी सव्वाशे वर्षं लागत नाहीत, एक पिढी पुरते.

थिबाच्या कबरीचं तसं होणार नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१६च्या डिसेंबरात, त्याचे वंशज तिकडून आले आणि त्यांनी इथे रीतसर प्रार्थना केली. त्या कबरीची वाट माणसांच्या पायांनी मोकळी राहते. मला बोलायचं आहे ते वाट बुजलेल्या कबरींबद्दल.

त्या किती आहेत? मोजलेल्या नाहीत. शहरातल्या माणसाला वाटतं, पुरतात ते मुसलमान आणि ख्रिस्ती. कोकणात हिंडलं की कळतं, जंगमांत माती देतात, नाथपंथी आणि गोसावी समाधी देतात, आणि लहान मूल गेलं तर पुष्कळ घरांत त्याला अग्नी देत नाहीत. दापोलीला कॅम्प होता तेव्हाच्या इंग्रज शिपायांच्या आणि त्यांच्या बायकामुलांच्या कबरी दापोलीत आहेत. बाणकोट तर १७५६ सालीच इंग्रजांकडे गेलं होतं. आणि खाडीकाठच्या मुसलमान मोहल्ल्यांतून गावाच्या कबरस्तानाखेरीज एकेका घराण्याचं वेगळं, गडगा घातलेलं कबरस्तान असतं. आपल्याकडे 'चिरा' हा शब्द खाणीतून काढलेल्या जांभ्या दगडालाही आहे आणि गेलेल्या माणसाच्या खुणेसाठी रोवलेल्या दगडालाही. घर आणि कबर एकाच दगडाची. एका धर्माचा माणूस चिऱ्याखाली निजतो, दुसऱ्याचा वंशज चिऱ्याला शेंदूर लावून नारळ ठेवतो. हा दगड सगळ्यांचा आहे, म्हणून आम्ही जातपात न विचारता कुठल्याही चिऱ्याजवळचं रान काढतो.

आता आमच्या चुकीबद्दल.

रत्नागिरी तालुक्यात खाडीच्या एका गावात असं एक घराण्याचं कबरस्तान आहे. गावाचं आणि घराण्याचं नाव मी लिहीत नाही, त्यांची तशी इच्छा आहे. साठेक कबरी असतील. बहुतेक साध्या आहेत, चारी बाजूंनी चिरे, मध्ये माती, डोक्याशी एक उभा दगड. त्या घरातले पुरुष पिढ्यान् पिढ्या खलाशी. मुंबईहून बोटीवर चढायचे ते दोन-दोन वर्षांनी दिसायचे. काही जण दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेले आणि तिथलेच झाले. कोकणी मुसलमानांची तिथली वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. मागे राहिलेल्यांपैकी कुणी मुंबईत, कुणी आखातात. घरांना कुलूप, अंगणात करवंदीची जाळी. जमातीतल्या जाणत्यांना भेटून आम्ही परवानगी घेतली. ते म्हणाले, "रान काढा, पडलेला चिरा उभा करा. पण कबर उंच करू नका, फरशी घालू नका, आमच्यात ते बरं मानत नाहीत." ते आम्ही अक्षरशः पाळलं. त्यांच्याकडून मी हेही शिकलो, की डागडुजी कशी आणि कितपत करायची हे ठरवण्याचा पहिला हक्क ज्यांची माणसं तिथे आहेत त्यांचा असतो, आमच्या उत्साहाचा नसतो.

त्या साठांत एकच कबर वेगळी होती. डोक्याशी संगमरवराची पाटी. कुठल्या तरी खलाशी मुलानं पगारातून पैसे साठवून मुंबईत कोरून घेतलेली असणार आणि होडीतून खाडीनं आणलेली असणार. तिच्यावर काळा थर बसला होता, बुरशी आणि शेवाळ यांचा. अक्षरं उर्दू आहेत एवढं कळत होतं, पण लागत नव्हती. आमच्यातल्या एका मुलानं घरून फरशी धुवायचं ॲसिड आणलं. मी तिथेच उभा होतो. मी नको म्हटलं नाही. उलट कुंचा मीच हातात घेतला. पांढरा फेस आला तेव्हा आम्हाला वाटलं मळ निघतोय. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच, आणि ॲसिड चुना खातं. ही शाळेतल्या विज्ञानाची गोष्ट त्या क्षणी एकालाही आठवली नाही. पाण्यानं धुतल्यावर पाटी लख्ख पांढरी झाली. तिच्यावर काही उरलं नव्हतं. उथळ कोरीव अक्षरं वितळून गेली होती. बोट फिरवलं तर कुठे कुठे खळगा लागायचा, एवढंच.

काही महिन्यांनी शब-ए-बारात आली. त्या रात्री लोक आपल्या माणसांच्या कबरींवर जातात, उदबत्ती लावतात, फातिहा पढतात. मुंबईहून एक वयस्कर गृहस्थ आले होते, बरोबर नातवंडं होती. आम्ही काम केलंय हे त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. मला वाटलं आभार मानतील. ते त्या पांढऱ्या पाटीजवळ उभे होते. ती त्यांची आजी. त्यांनी विचारलं, "धुवायच्या आधी फोटो काढला होतात का?"

नव्हता काढला. खिशात प्रत्येकाच्या फोन होता.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. नातवंडांना त्यांनी एवढंच सांगितलं, की इथे तुमची खापरपणजी आहे, आणि ती पोरं त्या कोऱ्या पाटीकडे बघत राहिली.

त्या दिवसानंतर आमचं सगळं काम उलटं झालं. आधी नोंद, मग झाडू. हे काही आम्ही शोधलेलं नाही. हिंदुस्थानातल्या युरोपियन कबरींसाठी इंग्लंडमध्ये १९७६ साली एक संस्था स्थापन झाली. कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीटच्या १७६७ सालच्या दफनभूमीची डागडुजी झाली त्यात तिचा हात होता. ही माणसं दगड दुरुस्त करायला निधी देतात, पण त्याबरोबर प्रत्येक दफनभूमीतले लेख उतरवून त्यांच्या पुस्तिका छापतात. दगड गेला तरी लेख राहावा म्हणून. पुण्याला खडकीच्या युद्धस्मशानात कुणी गेलं तर दिसतं, सेनापती असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा, आणि प्रत्येक दगडावरचं नाव वाचता येतं. युद्धस्मशानं सांभाळणाऱ्या आयोगाचं १९१७ सालापासूनचं व्रतच ते आहे. आमच्या खाडीकाठच्या खलाशाच्या आईला तेवढं मिळू नये, असं मला वाटत नाही.

नोंद करायला काही लागत नाही. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, ऊन तिरकं असताना फोटो काढावा. भर दुपारी अदृश्य असलेली अक्षरं तिरक्या उजेडात सावली धरून वर येतात. झाडाखालची कबर असेल तर घरचा आरसा घेऊन जावा आणि बाजूनं कवडसा पाडावा. अक्षरांत खडू, पीठ, हळद भरू नये, ती भेगांत जाऊन बसते आणि तिच्यावर बुरशी धरते. शेवाळ कोरडं असताना खरवडू नये, आधी पाण्यानं भिजवावं, मग मऊ ब्रश किंवा बांबूची चोय. तारेचा ब्रश घरीच ठेवावा. सांध्यात पिंपळ उगवला असेल तर तो ओढून काढू नये, मुळाबरोबर अर्धी कबर उचलून येते. बुंध्याशी कापत राहायचं, फुटला की पुन्हा कापायचं, तीन-चार वर्षं.

आणि सिमेंट. याबद्दल आमचे गवंडीकाका बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि मला ते पटतं. जांभा हा पाणी पिणारा दगड. खाणीत असतो तोवर इतका मऊ की कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं कापता येतो, उघड्यावर आला की घट्ट होतो. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेवढं पाणी जांभा पोटात घेतो आणि दसऱ्यानंतर हळूहळू बाहेर सोडतो. जुन्या लोकांनी सांधे चुन्याचे ठेवले, कारण चुनाही पाणी सोडतो. पाणी सांध्यातून वाट काढतं, सांधा झिजतो, दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा भरायचा. झिजायचं काम सांध्याचं. सिमेंट भरलं की ती वाट बंद होते. मग पाणी चिऱ्याच्या अंगातूनच बाहेर पडतं आणि चिऱ्याचा चेहरा भुगा होऊन गळतो. काही वर्षांनी सिमेंटची जाळी तशीच उभी असते आणि चिरा आत खोल गेलेला. जिल्ह्यातल्या कितीतरी देवळांच्या, गढ्यांच्या, कबरींच्या भिंती आपण सगळ्यांनी अशा पाहिल्या आहेत. कुणी वाईट हेतूनं केलेल्या नाहीत त्या. सगळ्या दुरुस्त केलेल्या आहेत.

चुना आपल्याकडे होताच. खाडीतले शिंपले गोळा करून भट्टीत भाजायचे, तो चुना पाण्यात मुरवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा, त्यात गुळाचं पाणी घालायचं. गवंडीकाकांनी लहानपणी आजोबांबरोबर हे केलेलं आहे. त्यांच्यानंतर हे हातानं केलेलं माणूस आमच्या माहितीत फारसं उरलेलं नाही. त्यांचं वय झालं आहे, साहेब, आणि माझ्या या पत्राला जी घाई आहे त्यात हेही एक कारण आहे.

तर आपल्याकडे माझं मागणं असं. आपल्या सहीचं एक परिपत्रक निघावं, की प्रत्येक ग्रामसेवकानं आणि तलाठ्यानं आपल्या गावातल्या जुन्या कबरी, समाध्या, वीरगळ आणि खुणेचे चिरे यांची यादी करावी. सातबाऱ्यावर नोंद असो वा नसो. चिरेखाण पुढे सरकते, आंब्याची बाग वाढते, रस्ता रुंद होतो, आणि कागदावर नसलेली दफनभूमी जेसीबीच्या एका सकाळीत जाते. यादीबरोबर प्रत्येक दगडाचा फोटो. लेख ज्या लिपीत असेल त्या लिपीत उतरवलेला. उर्दू, फारसी, मोडी, पोर्तुगीज, इंग्रजी वाचणारी माणसं या जिल्ह्यात अजून आहेत, आणि विचारलं तर ती येतात, हा आमचा अनुभव आहे. या नोंदीची एक प्रत आपल्या कार्यालयात असावी आणि दुसरी रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयात. १८२८ सालापासून ते वाचनालय चालू आहे. कागद सांभाळण्याची सवय त्याला आहे.

राज्य संरक्षित स्मारकं दत्तक घेण्यासाठी शासनाची महाराष्ट्र वैभव संगोपन योजना आहे. संरक्षित वास्तूला परवानगीशिवाय कुणी हात लावू नये असा कायदाही १९६० सालापासून आहे, आणि तो योग्यच आहे. पण गावच्या कबरस्तानातला चिरा या दोन्हींच्या बाहेर राहतो. तो संरक्षित नाही म्हणून त्याला कुणीही हात लावू शकतो. आम्ही लावला तसा. जिल्ह्यापुरता एक साधा नियम आपण करू शकता: स्वयंसेवकांच्या ज्या गटाला जुन्या दफनभूमीत काम करायचं असेल त्यानं आधी संबंधित कुटुंबाची, जमातीची, चर्चची किंवा देवस्थानाची लेखी संमती आणावी, नोंद जमा करावी, आणि मगच काम सुरू करावं. ॲसिड, तारेचा ब्रश, सिमेंट, ऑईलपेंट यांना सक्त मनाई असावी. आणि वर्षातून एकदा, पाऊस संपताना, दोन दिवसांचं शिबिर घ्यावं. चुन्याचं काम जाणणारे जे दोन-चार हात जिल्ह्यात उरले आहेत त्यांना मानधन देऊन शिकवायला बसवावं. आमचे गवंडीकाका येतील. मी त्यांना विचारूनच हे लिहितो आहे.

निधी लागेल तो शिबिरापुरता. बाकीचं काम माणसांचं आहे आणि माणसं आहेत. मागच्या रविवारी अकरावीतली एक मुलगी आमच्याबरोबर पहिल्यांदाच आली होती. तिला एका चिऱ्यावर फक्त एक होडी कोरलेली सापडली, नाव नाही, साल नाही. तिनं ती होडी आमच्या नोंदींच्या वहीत काढली, डोलकाठी किती बोटं, नाळ कुठे वळते, सगळं मोजून. ऊन चढून आम्ही निघालो तरी ती उठेना.

ती वही या पत्रासोबत आपल्याकडे पाठवतो आहे. आतापर्यंत चार दफनभूमींतले २१७ दगड तिच्यात आले आहेत. चौदाव्या पानावर त्या मुंबईच्या गृहस्थांच्या आजीची नोंद आहे. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, साधारण साल, हे सगळं त्यांनी आठवून आठवून सांगितलं, आणि पाटीवर खाली एक दुआ कोरलेली होती, तिचे पहिले दोन शब्द त्यांना आठवले, पुढचे नाही. ते दोन शब्द लिहून पुढे जागा रिकामी ठेवली आहे. 'दगडाची स्थिती' या रकान्यात मी माझ्या हातानं लिहिलं आहे, 'पाटी शाबूत. लेख आमच्याकडून नष्ट.' खाली माझी सही आहे.

आपला,
रत्नागिरीतला एक नागरिक